हुलसूरकरबाई सालामांकाला जातात

हुलसूरकरबाईंच्या हातात कुठलाही कागद दिला की त्या आधी तो उलटा करायच्या. लग्नाची पत्रिका असो, लाइटचं बिल असो, नाहीतर औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी असो, पहिली नजर मागच्या बाजूवर. "पुढे लिहितात ते सगळ्यांना दाखवायला," त्या म्हणायच्या. "शिक्का मागे असतो, तारीख मागे असते. कुणी कुणाला फसवलं असलं तर तेही मागेच सापडतं."

हे त्यांच्या धंद्यातलं शहाणपण होतं. हैदराबादेत जमिनीचे जुने कागद उर्दूत असतात, आणि तेही शिकस्ता उर्दूत, म्हणजे घाईघाईत लिहिलेल्या, नुक्ते म्हणजे टिंबं गाळलेल्या, एका शब्दाची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात अडकलेल्या अक्षरांत. ज्यांना चांगली उर्दू येते त्यांनाही ते वाचता येत नाही. बाईंना यायचं. त्यांचे वडील निजामाच्या काळात महसूल कचेरीत मुन्शी होते. त्यांनी मुलीला शाळेत घालायच्या आधीच ही अक्षरं शिकवली. गौलीगुड्यातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत एक मेज, दोन खुर्च्या आणि एक मोठं भिंग होतं. तिथे चाळीस वर्षं बाईंनी लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं आणि इनामाचे कागद वाचून इंग्रजीत उतरवले.

पण त्यातल्या एकाही कागदाखाली बाईंचं नाव नव्हतं. कोर्टात चालणाऱ्या भाषांतरावर पदवी असलेल्या अधिकृत भाषांतरकाराची सही लागते. बाईंचं लग्न बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला झालं आणि तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा राहून गेला, तो राहिलाच. त्यामुळे वाचायचं बाईंनी, आणि सही दुसऱ्याची. बाई ही गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगत नसत. पाऊस पडतो, ऊन पडतं, तशी सांगायच्या.

माझी त्यांची ओळख झाली ती स्पॅनिशच्या वर्गात. मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी हैदराबादला येऊन मला नऊ वर्षं झाली होती, मुलगी इथेच शाळेत जायला लागली होती आणि शहराचा अर्धा भाग मी पाहिलेलाही नव्हता. आमच्या कंपनीचा एक मोठा ग्राहक माद्रिदला होता, म्हणून ऑफिसने मला स्पॅनिश शिकायला सांगितलं. सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी वर्ग भरायचा. वर्गात आम्ही चौदा जण, बहुतेक तिशीच्या आतले. पहिल्या बाकावर अगदी डावीकडे नऊवारी नव्हे, पण तितक्याच निगुतीने नेसलेल्या सुती साडीत एक बाई बसलेल्या. वय सदुसष्ट. समोर दोनशे पानी वही आणि दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

शिक्षक तरुण होता, तेलुगू, स्पेनमध्ये शिकून आलेला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो सांगत होता की एखाद्या माणसाचं नाव घ्यायचं नसलं की स्पॅनिश लोक त्याला 'फुलानो' म्हणतात. बाईंनी हात वर केला.

"सर, हा आमचा फलाना आहे."

"कोण?"

"फलाना. फलाना इब्ने फलाना, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका. माझ्या प्रत्येक कागदात असतो. हा तिकडे कधी गेला?"

शिक्षक हसला. मग त्याने स्पेनवर अरबांनी कित्येक शतकं राज्य केल्याचं सांगितलं. बाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि पुढच्या शनिवारी वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी घेऊन आल्या. कमिसा म्हणजे कमीज. खाबोन म्हणजे साबण. नारांखा म्हणजे नारंगी. आसुकार म्हणजे साखर. जकातनाक्याला ते आदुआना म्हणतात, तो आमचा दिवाण. वर्गातली पोरं फोनवरच्या ॲपमध्ये शब्द पाठ करत होती आणि बाई त्यांना सोयरे भेटल्यासारख्या ओळखत होत्या.

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला ताब्यात घेतलं. वर्ग सुटला की त्यांच्याबरोबर गौलीगुड्याला चालत जायचं, वाटेत कोपऱ्यावर चहा घ्यायचा आणि घरी पोहोचेपर्यंत फक्त स्पॅनिश बोलायचं, असा नियम त्यांनी केला. आमचं स्पॅनिश बस स्टँडपर्यंतही पुरत नसे. मग बाई त्यांच्या मराठीवर येत, त्यात हैदराबादी उर्दू मुरलेली असायची. "हल्लू चल की गं, मेधा. तुम्हा पुण्याच्या लोकांना चालायची घाई आणि बोलायचा कंटाळा."

एकदा मी त्यांना विचारलं, शिकायचंच होतं तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. का नाही पूर्ण केलं? चाळीस वर्षांच्या कामावर स्वतःची सही तरी करता आली असती.

"पस्तिशीत विचार आला होता," त्या म्हणाल्या. "माझा सुधीर लहान होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ते सगळं आटपलं तोवर मी पन्नाशी ओलांडली. मग वाटलं, जे येतंय त्याची परीक्षा काय द्यायची? परीक्षा द्यायची तर जे येत नाही त्याची द्यावी."

त्यांचं काम कसं चालतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी वर्गानंतर आम्ही घरी पोहोचलो तर पुढच्या खोलीत तीन माणसं बसली होती. एक वकील, एक जमीन विकत घेणाऱ्याचा माणूस आणि ज्यांची जमीन होती त्या घरातला एक म्हातारा. कागद जुना होता, घड्यांवर फाटत आलेला. बाईंनी तो उलटा केला, मागचा शिक्का पाहिला, मग भिंग लावून वाचायला घेतला. वाचता वाचता एका ठिकाणी थांबल्या.

"इथे 'ताहयात' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे ज्याला इनाम मिळालं तो जिवंत असेतो, त्याच्यामागे घरच्यांना ती विकता येत नाही. पिढ्यान् पिढ्या असं लिहिलेलं नाही. तसं असतं तर 'नस्लन बाद नस्लन' म्हटलं असतं."

खरेदीदाराचा माणूस पुढे सरकला. तो शब्द नीट दिसतच नाही, त्यामुळे तो भाषांतरात आला नाही तर कुणाचं काय बिघडतं, असं त्याने फार गोड भाषेत सुचवलं. वकीलसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

"दिसत नसता तर मी वाचला कसा?" बाई म्हणाल्या. "मी वाचते. गाळत नाही. गाळणारे दुसरे आहेत, त्यांच्याकडे जा."

ते लोक गेले आणि त्या वकिलांकडून पुढे काम आलं नाही. बाईंनी भिंग पुसून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "चल, क्रियापदं घे. भूतकाळ."

आमच्या पुस्तकात एक धडा होता सालामांकावर. स्पेनमधलं जुनं गाव, आठशे वर्षांच्या विद्यापीठाचं. धड्यात एक फोटो होता. पिवळ्या दगडाच्या भिंतीवर लाल रंगात मोठमोठी अक्षरं, एकात एक गुंतलेली. खाली लिहिलं होतं की पूर्वी तिथे पदवी मिळाली की विद्यार्थ्याचं नाव भिंतीवर रंगवत. बाईंनी तो फोटो भिंगातून पाहिला. पानही उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. मग त्यांनी शिक्षकाला विचारलं, "तिथे माझ्यासारख्यांना घेतात का?"

शिक्षकाने चौकशी केली. परदेशी लोकांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग असतो, शेवटी परीक्षा असते, वयाची अट नाही. बाईंनी फॉर्म मागवला. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या सुधीरला त्यांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता.

"आई, तुला स्पेन बघायचंय ना? मग टूरबरोबर जा. जेवण आपलं मिळतं, सगळं बसमधून दाखवतात. या वयात वर्गात कशाला बसतेस?"

"टूरवाले बघायला नेतात रे. मला बसायचंय."

"कशासाठी पण?"

"परीक्षेसाठी."

सुधीर चांगला मुलगा होता. त्याने अजून दोन-तीनदा समजावलं आणि मग तिकिटाचं तो बघतो म्हणाला.

पण आधी व्हिसा नाकारला गेला. आलेल्या पत्रात लिहिलं होतं की प्रवासाचा हेतू पटण्यासारखा नाही. मला वाटलं, संपलं. बाईंनी पत्र उलटं केलं. मागे अपिलाची माहिती बारीक अक्षरात होती. मग त्यांनी स्वतःच्या हाताने, स्पॅनिशमध्ये, दीड पानाचं पत्र लिहिलं. मी तपासू का म्हटलं तर म्हणाल्या, "नक्को. चुका माझ्याच असू देत. म्हणजे त्यांना कळेल की ही खरंच शिकायला निघालीय." त्या पत्रातलं एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. 'मी परत येणार आहे, कारण माझं घर गौलीगुड्यात आहे आणि माझ्याकडे लोकांचे सात कागद वाचायचे शिल्लक आहेत.' दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला.

योगायोगाने त्याच सुमाराला मला ऑफिसच्या कामासाठी महिनाभर माद्रिदला जायचं होतं. आम्ही एकत्र गेलो. विमानात बाईंनी सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड आधी मागच्या बाजूने वाचलं.

माद्रिदहून सालामांकाला आगगाडीने दीड-पावणेदोन तास लागतात. बाहेर वाळलेली पिवळी शेतं, मधूनच दगडी कुंपणं. बाई म्हणाल्या, "बीदरकडे जातोय असं वाटतं की गं." गाव जवळ आलं आणि दोन मोठाल्या चर्चचे मनोरे दिसायला लागले. सगळं गाव एकाच दगडाचं बांधलेलं, सकाळी पिठीसाखरेसारखं फिकं आणि संध्याकाळी गुळासारखं. मनोऱ्यांवर करकोच्यांची रिकामी घरटी. सप्टेंबर होता, विद्यार्थी बॅगा ओढत येत होते आणि त्यांच्यात बाई आपली बॅग ओढत चालल्या होत्या.

त्यांची राहण्याची सोय पिलार नावाच्या एका बाईंकडे होती. पिलार चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या, वर्गाच्या विद्यार्थ्यांना खोली द्यायच्या. आतापर्यंत त्यांच्याकडे विशीतली मुलंच आली होती. दार उघडून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मला विद्यार्थिनी समजून बॅग घ्यायला हात पुढे केला. बाई मध्ये आल्या आणि वहीत पाठ केलेलं वाक्य म्हणाल्या, "विद्यार्थिनी मी आहे."

 पिलारने बाईंच्या दोन्ही गालांना गाल लावले. बाईंना ते अपेक्षित नव्हतं, त्या जरा ताठ झाल्या, पण मागे सरल्या नाहीत.

जेवणाचा प्रश्न पहिल्याच दुपारी आला. चौकातल्या एका हॉटेलात आम्ही मांस नको असं सांगून सॅलड मागवलं. आलं त्यात वर मासा. बाईंनी वेटरला बोलावलं. तो म्हणाला, हे मांस नाही, मासा आहे. बाईंनी त्याला मराठीत काही सुनावलं नाही. वही काढली, 'ज्याला आई आहे असं काहीही मी खात नाही' असं स्पॅनिशमध्ये लिहिलं आणि वही त्याच्यासमोर धरली. वेटरने वाचलं, बशी उचलली आणि टोमॅटो, ब्रेड आणि ऑलिव्ह घेऊन आला. पुढचे तीन आठवडे बाई त्या हॉटेलात गेल्या की तो विचारायचा, "आज आई नसलेलं काय देऊ?" पिलारच्या घरी मात्र बाईंनी पिठलं केलं. बेसन त्यांनी हैदराबादहून नेलं होतं. पिलारने चमचाभर खाऊन पाहिलं आणि हे चण्याचं आहे हे ओळखलं.

मी परत माद्रिदला जायच्या आधी आम्ही विद्यापीठ पाहिलं. दर्शनी भिंत दगडात कोरलेली, राजे, राण्या, वेली, कवट्या, आणि त्यातल्या एका कवटीवर बसलेला छोटासा बेडूक. कुणाच्याही मदतीशिवाय बेडूक सापडला तर परीक्षेत पास होतो, अशी तिथली समजूत. चौकात शंभरेक माणसं माना वर करून उभी होती. मीही शोधायला लागले. बाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"बघा ना," मी म्हटलं.

"नशिबाने पास व्हायचं असतं तर हैदराबादेत काय कमी बाबा आहेत?"

आत एक जुना वर्ग जसाच्या तसा ठेवलाय. बाकं म्हणजे नुसती तासलेली ओबडधोबड लाकडं, त्यांवर विद्यार्थ्यांनी चाकूने कोरलेल्या खुणा. पुढे दोरी लावलेली, बसायला मनाई. बाई बराच वेळ दोरीपाशी उभ्या राहून बघत होत्या. "आठशे वर्षांचं विद्यापीठ," त्या म्हणाल्या, "पण बाकं आमच्या शाळेतली बरी होती." त्यांचा वर्ग जवळच्या एका नव्या इमारतीत होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पांढरा फळा. तिथे पहिल्या रांगेत, अगदी डावीकडची खुर्ची त्यांनी हात लावून पाहिली.

लाल नावांच्या भिंतीपाशी मात्र बाई हलेनात. गाइड एका गटाला सांगत होता की ही अक्षरं इतकी गुंतवलेली असतात की सगळी वाचता येत नाहीत. बाई पुढे झाल्या आणि बोट हवेत फिरवत एकेक अक्षर सोडवायला लागल्या. हा आर, त्याच्या पोटात ओ, वर तिरका डी. तीन-चार नावं त्यांनी तिथल्या तिथे वाचली. गाइडने पाचवं दाखवलं. तेही त्यांनी वाचलं.

"कसं?" मी विचारलं.

"शिकस्त्यासारखंच आहे. लिहिणाऱ्याची मजा, वाचणाऱ्याला सजा." मग म्हणाल्या, "पण यांनी नावं तरी लिहिली. गाळली नाहीत."

मी माद्रिदला गेले. रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. त्या सांगायच्या, वर्गात नऊ देशांची मुलं आहेत, सगळ्यांनी मला 'आबुएला' म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे आजी, मी सांगितलं माझं नाव आहे, ते घ्या. गृहपाठ सगळ्यांत आधी माझा होतो. पिलारला मी पिठलं शिकवलं, तिने मला शिव्या शिकवल्या. फोनवर मी बोलले की त्या बऱ्याचदा "काय?" म्हणायच्या. मला वाटायचं, लाइन खराब आहे.

परीक्षेचा निकाल शुक्रवारी होता. त्यांना आणायला मी त्याच दिवशी गेले. वर्गाच्या इमारतीत मार्ता नावाची एक तरुण बाई वर्ग सांभाळायची. तिने बाईंना खोलीत बोलावलं, मलाही बसायला सांगितलं. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं. वाचनात बाई वर्गात पहिल्या होत्या. लेखनात दुसऱ्या. तोंडी परीक्षा बरी झाली होती. ऐकण्याच्या भागात त्या नापास होत्या, आणि एका भागात नापास म्हणजे परीक्षेत नापास.

मार्ता फार चांगली होती. तिने उठून एक सुंदर कागद आणला, वर विद्यापीठाची मुद्रा, मध्ये बाईंचं पूर्ण नाव ठळक अक्षरात. हजेरीचं प्रमाणपत्र. तीन आठवड्यांत एकही तास चुकवला नाही अशा तुम्ही वर्गात एकट्याच, ती म्हणाली.

बाईंनी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आपल्या नावावरून बोट फिरवलं. स्पेलिंग बरोबर होतं. मग त्यांनी तो मेजावर ठेवून मार्ताकडे सरकवला आणि स्पॅनिशमध्ये हळूहळू बोलल्या, "मी हजर होते हे मला माहीत आहे. त्यासाठी कागद नको."

 बाहेर पडून आम्ही उतारावरून नदीपर्यंत आलो. तिथे रोमन लोकांनी बांधलेला जुना पूल आहे, त्यावरून फक्त माणसं चालतात. पुलाच्या कठड्याला टेकून बाई उभ्या राहिल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. मी म्हटलं, "बाई, जाऊ दे. एवढं केलंत हेच खूप आहे."

त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, रागावल्या. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी सबंध अंग वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालीस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्गात नेहमी डावीकडची खुर्ची, रस्त्यावरून चालताना मला कायम उजवीकडे घेणं, फोनवरचं "काय?".

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"सहा वर्षं. डावा जवळजवळ गेलाच. उजवाही हल्लू हल्लू चाललाय." त्या नदीकडे बघत बोलत होत्या. "मशीन लावायचं नव्हतं मला. लावलं की लोक मोठ्यांदा बोलायला लागतात, जणू अक्कलच कमी ऐकू येते. सुधीरला सांगितलं नाही. कुणालाच नाही."

"पण इथे सांगायचं ना. त्यांनी काहीतरी सोय केली असती."

"तेच तर." त्यांचा आवाज बदलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तो तसा ऐकला. "फॉर्मवर विचारलं होतं गं. ऐकायला त्रास आहे का, हो की नाही. त्रास असेल त्याला कानाला लावून ऐकायला देतात, वेळ जास्त देतात. सगळं लिहिलेलं होतं, मागच्या बाजूला. मी वाचलं. आणि 'नाही' लिहिलं."

खालून पाणी संथ चाललं होतं. बाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले.

"चाळीस वर्षं लोकांच्या कागदातला एक शब्द गाळला नाही. आणि माझ्या स्वतःच्या कागदावर मी खोटं लिहिलं. मार्ताने नापास नाही केलं मला. ते मीच केलं."

 मी काहीतरीच बोलले. "बेडूक बघायला हवा होता."

त्या हसल्या, अगदी थोडंसं. "बेडूक सापडला असता तरी कान हेच राहिले असते." मग पिशवीतून वही काढली, लाल पेन काढलं. "पुढची परीक्षा कधी असते ते मार्ताला विचारायचं राहिलं. चल, ऑफिस बंद व्हायच्या आत जाऊ."

आणि तो सगळा चढ त्या माझ्या पुढे चालत गेल्या.

हैदराबादला परत आल्यावर चौथ्या दिवशी बाईंनी कान तपासून घेतले. मशीन आलं तेव्हा मी बरोबर होते. दुकानातल्या मुलीने ते कानात बसवलं आणि मोठ्यांदा विचारलं, "आज्जी, ऐकू येतंय का?" बाई म्हणाल्या, "इतकं येतंय की ओरडू नकोस." बाहेर आल्यावर रस्त्यात मध्येच थांबल्या. सुलतान बाजारातला सगळा गोंगाट, ऑटोचे भोंगे, कापडवाल्यांच्या हाका, एकदम त्यांच्यावर आला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, काढून ठेवतील. "किती बोलतात लोक," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

पुढचं वर्षभर त्या रोज स्पॅनिश रेडिओ ऐकायच्या. कागद वाचताना सुद्धा चालू. आलेली माणसं विचारायची, ही कुठली भाषा, तर सांगायच्या, "फलान्याच्या माहेरची." याच पातळीची परीक्षा हैदराबादेतही देता येते, असं शिक्षकाने त्यांना सुचवलं होतं. बाईंनी ऐकलं नाही. जिथे नापास झाले तिथेच बसणार. या वेळी त्या एकट्या गेल्या. सुधीरने तिकीट काढलं आणि या खेपेला टूरचं नाव घेतलं नाही. फॉर्मवर त्यांनी 'हो' लिहिलं, आणि एका ओळीची जागा होती तिथे बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या, कुठला कान किती, केव्हापासून.

त्या पास झाल्या. ऐकण्याच्या भागात जेमतेम, पण झाल्या. फोनवर त्यांनी मला पूर्ण प्रमाणपत्र वाचून दाखवलं, वरच्या मुद्रेतल्या लॅटिन अक्षरांपासून खालच्या नोंदणी क्रमांकापर्यंत. मागे काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "मागे कोरं आहे. एवढा साफ कागद मी पहिल्यांदाच बघते." पिलारने त्यांना घरच्या घरी जेवण दिलं होतं. मार्ताही आली होती. भिंतीवर नाव रंगवायचं काही नाही, ते मोठ्या पदवीला असतं, ही साधी भाषेची परीक्षा, हे बाईंनीच मला सांगितलं, आणि त्यात खंत नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गौलीगुड्याला गेले, न कळवता. बाई घराला कुलूप लावत होत्या. एकोणसत्तर पूर्ण झालेली, साडीला इस्त्री, कानात मशीन, खांद्याला पिशवी.

"बस म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तार्नाक्याला निघालेय, भाषांच्या विद्यापीठात. स्पॅनिशच्या पुढच्या पातळीचे फॉर्म आजपर्यंतच आहेत. स्टॉपपर्यंत चल."

आम्ही कोठीच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी माझ्या पुण्याच्या घराची, शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीची चौकशी केली. तिला मराठी वाचता येतं का विचारलं. मी म्हटलं, अडखळत. "मग शनिवारी तिला फोनवर दे. मी वाचून घेते."

बस आली ती खच्चून भरलेली. बायकांचं तिकीट माफ झाल्यापासून पुढच्या दाराने चढणं म्हणजे कुस्तीच झाली आहे. कंडक्टरने आतूनच हात हलवला, मागची बस रिकामी आहे, तिने या. मी म्हटलं, "बाई, ऑटो करू या."

 त्यांनी पिशवी पोटाशी घेतली, पदर कमरेला खोचला आणि "जरगंडी, अम्मा, जरगंडी" म्हणत पायरीवर पाय ठेवला. जरगंडी म्हणजे सरका. आतल्या बायका सरकल्या असतील असं मला वाटत नाही, तेवढी जागाच नव्हती. पण एक हात आत गेला, मग खांदा, मग चष्म्याची काडी सावरणारा दुसरा हात. बस हलली. दारातल्या गर्दीत त्यांचं पांढरं डोकं मला दिसत होतं, पाठमोरं, आणि ते हळूहळू, एकेका बाईला मागे टाकत, आतल्या बाजूला सरकत होतं.